तालाबाहेरचे हात

मैलापूर, मद्रास
१४ सप्टेंबर १९५७

सुंदरा,

तुझं कार्ड मिळालं. वसंताचं लग्न ठरलं, मुलगा जंगल खात्यात आहे, घराणं नागपूरचं, आडनाव बोकारे, मुहूर्त वैशाखात, आणि 'तू आली नाहीस तरी चालेल'. एवढं सगळं एका कार्डावर बसवलंस रे, याचं कौतुक वाटलं. मला आधी पान पुरत नाही, मग पाकीट पुरत नाही.

वसंता मला आठवते ती खुर्चीवर उभी राहून आपल्या आत्याची, म्हणजे माझी, नक्कल करणारी. 'भगिनींनो आणि बंधूंनो!' म्हणून ओरडली होती, तर शेजारच्या अय्यरांची सगळी मंडळी खिडकीत जमली. त्या मुलीचं लग्न! मी उठले, डब्यातली साखर चिमूटभर तोंडात टाकली आणि एकटीच हसत बसले.

आता दुसरं. आडून आडून लिहिलं तर तू मधेच कार्ड फाडशील, म्हणून सरळ विचारते. अप्पांना काय झालं होतं ते बोकाऱ्यांना सांगितलंस का?

सांगितलेलं नसणार. सांगितलं असतंस तर कार्डात एखादी ओळ तरी सैल पडली असती. हे कार्ड दार लावून घेतल्यासारखं आहे.

तुझा राग मला माहीत आहे. इथल्या मराठी मंडळाच्या त्या वार्षिक सभेपासूनचा. अप्पांना जाऊन वर्ष झालं होतं, आणि माझ्या मागच्या रांगेतले दोन गृहस्थ बोलत होते, 'दारूबंदीच्या राज्यात यांना मिळत कुठे होती कोण जाणे!' हे कुणाबद्दल, तर एकादशीला कॉफीसुद्धा न घेणाऱ्या माणसाबद्दल. भर बाजारात शिपायाने अप्पांना दारुडा म्हणून पकडलं होतं तेव्हा ते त्याला सांगत होते, तोंडाचा वास घेऊन बघ बाबा. पण जीभ वळत नव्हती, आणि जीभ वळत नाही म्हणून तो शिपाई आणखीच हसत होता. चौकीतून त्यांना तू आणलंस. रिक्षातून उतरलास तेव्हा तू त्यांचे दोन्ही हात आपल्या काखेत धरले होतेस, रस्त्यावरच्या कुणाला ते उडताना दिसू नयेत म्हणून. तुझं ते रूप मी कधी विसरले नाही.

म्हणून मी त्या सभेत उठले. म्हटलं, माझे वडील पीत नव्हते. त्यांना मेंदूचा आजार होता. डॉक्टर त्याला हंटिंग्टनचा कोरिया म्हणतात, आमच्या घरात त्याला 'आट्टम', म्हणजे नाच, म्हणत. तो त्यांना त्यांच्या आईकडून आला. तो मला येऊ शकतो, माझ्या भावालाही येऊ शकतो. तू खुर्ची मागे सारून निघून गेलास, आणि पुढच्या बदल्यांत नागपूर मागून घेतलंस.

सुंदरा, अप्पांची बदनामी पुसायला मी तेच पुन्हा बोलेन. पण आज बदनामीचा प्रश्न नाही. एक मुलगा डोळे मिटून आपल्या घरात येतो आहे. त्याला डोळे उघडायला सांग, मग येऊ दे.

तुझी,
अक्का


मैलापूर
२० नोव्हेंबर १९५७

सुंदरा,

'आमच्या घरात आता भाषण नको.' बरं. भाषण नाही. उलट एक हकीकत सांगते, तिच्यात तुझी अक्का सपशेल हरते. तुला आवडेल.

इथे मोठ्या इस्पितळात डॉक्टर अनंतकृष्ण म्हणून आहेत. वयाने तुझ्याएवढे, बोलायला माझ्या निम्मे. अप्पांसारखे रोगी त्यांच्याकडे अधूनमधून येतात. एकदा येतात, नाव ऐकतात आणि परत फिरकत नाहीत. घरी नेऊन मागच्या खोलीत ठेवतात. कुणी अंगात आलं म्हणतं, कुणी पितो म्हणतं, कुणी बांधूनही ठेवतं. डॉक्टर म्हणाले, 'अम्मा, माझ्याकडे औषध नाही. पण या कुटुंबांना एकमेकांची गाठ घालून दिली तर निम्मं दुःख कमी होईल.' मी म्हटलं, एवढंच ना? संघ काढू!

नुंगंबाक्कमच्या एका शाळेचं सभागृह घेतलं. तमिळ, मराठी आणि इंग्रजीत बोर्ड रंगवून घेतला: 'आनुवंशिक मेंदुविकार कुटुंब साहाय्य संघ'. भाषण असं तयार केलं की दगड उठून सभासद झाला असता. रविवारी दुपारी बोर्ड दारात लावला आणि आम्ही दोघं आत बसलो.

कुणी आलं नाही.

म्हणजे आले, पण फाटकापर्यंत. मी खिडकीतून बघत होते. एक जोडपं आलं, बोर्ड वाचला, बाईंनी पायातली चप्पल नीट केल्यासारखं केलं आणि दोघं पुढे गेली. एक म्हातारे समोरच्या झाडाखाली उभे राहिले ते उभेच. डॉक्टर आपली पेन्सिल टोकदार करत बसले. इतकी टोकदार पेन्सिल मी आयुष्यात पाहिली नाही.

शेवटी मागच्या, स्वयंपाकघराच्या दारातून एक बाई आली. डोक्यावरून पदर, घामाघूम. नाव कनका. माणसं आपल्यासारखी तंजावरची मराठीच. नवरा मानाजी बंदरावरच्या एका कंपनीत कारकून होता, आता घरी असतो.

आल्या आल्या म्हणाली, 'अक्का, पहिले तो बोर्ड काढा.'

मी म्हटलं, 'का काढायचा? यात लाज कसली आहे?'

'लाज नाही. घरात लग्नाच्या नणंदा आहेत. त्या दारातून आत गेलेली मला कुणी पाहिली तर तिघींना जन्मभर मीच सांभाळायचं. तुम्ही ठेवून घेता का एकीला?'

मी सुरुवात केली, 'अग, सत्य जर आपणच...'

'सत्य असू दे हो. ते कुठे पळत नाही. बोर्ड काढा आधी.'

डॉक्टर उठले आणि स्वतः बोर्ड काढून आत घेऊन आले. माझा बोर्ड! पण नवल असं की झाडाखालचे म्हातारे लगेच आत आले. मग ते जोडपंही. वर्ग झाडायला आल्यासारखी माणसं एकेक करून भिंतीला टेकली. पण सगळ्यांचं म्हणणं एकच, की परत इथे जमायला नको.

मी विचारलं, 'मग कुठे? तुमची माणसं घराबाहेर कुठे जातात?'

कनका म्हणाली, 'आमचे हे एकाच ठिकाणी जातात. गाणं ऐकायला, सभेत. तिथे कुणी त्यांच्याकडे बघत नाही.'

'का?'

'तिथे सगळेच हात हलवतात म्हणून.'

सुंदरा, तुला नागपुरात ही गोष्ट कदाचित कुणाला समजावून सांगावी लागेल. पण तू मैलापूरच्या या गाण्याच्या सभांत वाढलास. शेकडो माणसं तालासाठी मांडीवर थाप मारतायत, बोटं मोजतायत, तळवा उलटा करतायत, माना डोलावतायत. त्यात एक हात भलत्या वेळी उडाला तर कोण बघतो?

डॉक्टर आधी हसले. मग चष्मा काढून पुसत राहिले.

भवानीला आणि तुमच्या लेकीला माझा आशीर्वाद. आणि बोकाऱ्यांना सांगितलंस का, ते अजून विचारतेच आहे.

अक्का


मैलापूर
८ जानेवारी १९५८

सुंदरा,

मार्गळी महिन्यातली गाणी संपत आली. माझा घसा सांगतो तसं, या महिन्यात मी नेहमीपेक्षा निम्मी भाषणं दिली. उरलेला वेळ तिसऱ्या रांगेत गेला.

संघाचं नाव आता 'रसिक मंडळी'. सभेच्या चिटणिसांना मी एवढंच सांगितलं, आम्हाला उजवीकडची एक रांग कायमची द्या, कडेच्या खुर्च्या रुंद द्या. ते म्हणाले, 'घ्या की, अम्मा. तुम्ही व्यासपीठाच्या खाली बसताय हेच आमचं भाग्य!' गाण्याआधी आणि मध्यंतरात कँटीनच्या मागच्या अंगणात आमची बैठक असते. तिथेच सगळं काम चालतं. कनका नवऱ्याला भात कसा भरवते ते दुसरी बाई बघते. कुणी पलंगाच्या कडेला उशा कशा शिवल्या ते सांगतं. कुणी नुसतं रडून घेतं आणि वडा खातं. डॉक्टर सगळ्यांची नाडी बघतात आणि स्वतःचा वडा थंड करतात.

पहिलं काम म्हणून आम्ही एक कार्ड छापलं. तमिळ आणि इंग्रजीत: 'मी दारू प्यालेलो नाही. मला मेंदूचा आजार आहे. कृपया मला घरी पोचवा.' खाली डॉक्टरांची सही. प्रत्येक रोग्याच्या खिशात ते असतं. मानाजी पहिलं कार्ड घेऊन म्हणाले, 'हे मला आधी मिळालं असतं तर प्यायलाही मिळालं असतं, कुणी पकडलं नसतं!' कनकाने त्यांना सगळ्यांसमोर चापट मारली.

मानाजींबद्दल सांगू? परवा मृदंगाचं तनी, म्हणजे एकट्याचं वादन, चाललेलं. सगळी सभा श्वास रोखून ताल मोजत होती. मानाजींचा हात आपल्या मर्जीने चाललेला. पलीकडचे एक बडे रसिक वैतागून कुजबुजले, 'सार, तुमचा ताल चुकतोय.'

मानाजी म्हणाले, 'माझा वेगळा आहे, सार. तुम्ही तुमचा सांभाळा. नाहीतर दोघांचा चुकेल.'

आता तुझं पत्र. या वेळी कार्ड नाही, पत्र! आणि आत एकच तिखट वाक्य: 'जगाला सत्य सांगणारी अक्का आता गाण्याच्या पडद्याआड बसते, मग मी नागपुरात वेगळं काय करतो?'

शाब्बास. नेम चांगला आहे. शाळेत वादविवादाला मी तुला तयार केलं त्याचे हे पांग फेडलेस. ते वाक्य मी कपालीश्वराच्या तळ्याभोवती चालताना बरोबर घेऊन फिरले. दोन व्याख्यानांना तेच डोक्यात. एका ठिकाणी स्त्रीशिक्षणावर बोलायचं होतं आणि मी मधेच थांबले. अध्यक्षांना वाटलं, पाणी हवं आहे.

उत्तर असं आहे. आम्ही रस्त्यापासून लपतो. शेजाऱ्यापासून, चहाडखोरापासून, त्या मागच्या रांगेतल्या दोन गृहस्थांपासून लपतो. रस्त्याला आमच्या घरातलं कळायचा हक्क नाही. हे मला कनकाने शिकवलं. पण ज्याच्या ताटात तू हे वाढणार आहेस त्याला आहे. वसंताला आहे. त्या मुलाला आहे. जाहीर सांगू नकोस, सुंदरा. बोर्ड लावू नकोस. एका खोलीत, एका माणसाला सांग. माझी मागणी मी एवढी लहान करून आणली आहे. माझ्या आयुष्यात मी कुठल्याही सरकारला इतकी सवलत दिली नाही.

आणखी एक. डॉक्टर म्हणतात, माझं वय झालं, मला आता बहुधा होणार नाही. हे ऐकून मी खुश व्हायला हवं होतं. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे तू आलास.

सांभाळून राहा रे.

अक्का


मैलापूर
२ एप्रिल १९५८

सुंदरा,

भवानीवर रागावू नकोस. तू तिला सांगितलं होतंस, कांजीवरम साड्या घ्या, नुंगंबाक्कमला मामांकडे उतरा आणि परत या. ती वसंताला घेऊन स्टेशनवरून सरळ माझ्या दारात आली. पिशव्या खाली ठेवल्या आणि म्हणाली, 'ताई, मी इथे आलेच नाही म्हणून समजा.' आणि स्वयंपाकघरात जाऊन कॉफी करायला लागली.

तिने मला कॉफी दिली. टंब्लर अर्धा. वसंताला अर्धा. स्वतःला अर्धा.  आपली आई अप्पांना, हात उडून सांडू नये म्हणून, तसाच द्यायची, आणि अप्पांना एकट्याला वेगळं दिसू नये म्हणून सगळ्यांनाच तसा द्यायची. किती दिवस भवानी घरात तसं करते, तिलाही आता कळत नसेल.

वसंताने दुसऱ्या दिवशी विचारलं. साड्या घडी घालत होती.

'आत्या, आजोबा पीत होते का ग?'

'नाही.'

'मग त्यांना काय होतं?'

मी सांगितलं. भाषण केलं नाही. प्रश्न येत गेले, मी उत्तर देत गेले. ती बुद्धिमान आहे, सुंदरा. घडी घालायची थांबली नाही. शेवटी आईकडे वळून म्हणाली, 'आई, बाबांना?'

भवानी पाठमोरी होती. म्हणाली, 'सायकल सोडली त्यांनी.'

एवढंच.  वसंता उठली, तिच्याजवळ जाऊन उभी राहिली, आणि दोघींनी मिळून भांडी घासली.

मग मुलगी म्हणाली, दिगंबरला मी सांगणार. मी म्हटलं, तुझ्या बाबांना विचार. म्हणाली, 'बाबांना विचारलं तर लग्न झाल्यावर सांगू म्हणतील. त्यांना मी ओळखते.' तो कोइंबतूरहून जंगल खात्याचं शिक्षण संपवून परत जाताना एग्मोरला एका लॉजमध्ये उतरणार होता. आपल्या घरी त्याला बोलवायचं तर लग्नाआधी जावई घरी आला म्हणून चर्चा. मी म्हटलं, रामनवमीच्या गाण्याला आण. तिसऱ्या रांगेत.

बोकाऱ्यांचा दिगंबर उंच आहे, काळासावळा, उन्हात वावरलेला. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही, आणि ते तो लपवत नाही. 'हे सगळे मोजतायत काय?' म्हणून त्याने मला विचारलं. योगायोगाने तो मानाजींच्या शेजारी बसला. पहिलीच कृती गायली जात असताना मानाजींचा हात उडून त्याच्या मनगटावर आपटला.

मानाजी म्हणाले, 'लागलं का?'

'नाही.'

'पुन्हा लागेल.'

दिगंबरने मानाजींकडे पाहिलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, म्हणजे धातू मानाजींच्या हाताला लागायला नको. आणि हात होता तिथेच ठेवला. संपूर्ण गाणं. मी पुढे गाणाऱ्याकडे बघत होते, पण मला गाणं ऐकू आलं नाही.

मध्यंतरात वसंता त्याला अंगणाच्या टोकाला घेऊन गेली. भवानी आणि मी लांबून बघत होतो. ती बोलत होती, तो जमिनीकडे बघत होता. एकदाच त्याने मान वर केली आणि मानाजींना शोधलं. कनका त्यांना पाणी पाजत होती. परत येऊन तो बसला, गाणं संपल्यावर आम्हाला बसपर्यंत सोडलं आणि काही न बोलता गेला.

घरी आल्यावर वसंता म्हणाली, 'मोडलं तर मोडलं, आत्या. पण नंतर कधी त्याच्या तोंडाकडे बघताना मी घाबरणार नाही.' आणि मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडली.

सकाळी तो माझ्या दारात उभा. 'बसू का?' म्हणाला.

बसला. विचारलं, 'वसंताला होईल?'

'कुणी सांगू शकत नाही. तिच्या बाबांना असेल तर निम्मी शक्यता. बाबांना नसेल तर तिला नाही, पोरांनाही नाही.'

'बाबांना आहे का?'

सुंदरा, सभेत मला विचारलेला प्रश्न मी आजवर अनुत्तरित सोडला नाही. मंडळाच्या सभेत तर कुणी विचारलं नसताना तुझं नाव घेतलं होतं. काल मी म्हटलं, 'हे मी सांगायचं नाही. ते त्याचं आहे.'

तो म्हणाला, 'मी लग्नाचं ठरवलं नाही अजून. खोटं कशाला बोलू? घरी आईला काय वाटेल तेही माहीत नाही. पण मला हे त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे. वसंताने सांगितलं, ते तिचं धाडस. त्यांनी सांगितलं तर मला कळेल, कोणत्या घरात जातोय ते.'

मी म्हटलं, 'आणि नाही सांगितलं तर?'

'तर मी विचारणार नाही. उठून जाईन.'

मला तो आवडला, हे लिहिल्यावाचून राहवत नाही. पण त्याने नकार दिला तरी माझा आशीर्वाद त्याच्यावर राहील. एवढी मोठी गोष्ट कुणाच्या चांगुलपणावर लादायची नसते.

तू कशाला भितोस ते मला कळतं. लग्न मोडेल म्हणून तू गप्प आहेस असं मी इतके दिवस समजत होते. ते खरं नव्हे. एकदा तोंडाने म्हटलंस की ते तुला झालेलं असेल. आतापर्यंत फक्त सायकल सोडली आहे, फक्त टंब्लर अर्धा आहे. म्हटल्यावर ते अप्पांचं होईल. अरे, पण अप्पांभोवती दारं बंद केलेली माणसं होती. तुला एक अख्खी रांग आहे. मानाजी तुझ्यासाठी भांडतील. डॉक्टर तुझी नाडी बघतील. आणि मी आहे. मी तुला वादविवादात हरवीन, भात भरवीन, चौकीत शिपायाशी भांडेन. लहानपणी तुझं नाक पुसलं, आणखी काय राहिलं आहे?

भवानी आणि वसंता उद्याच्या ग्रँड ट्रंकने निघतायत. दिगंबरही त्याच गाडीने, दुसऱ्या डब्यात. त्या दोघी आधी घरी पोचतील. तो सामान टाकून तासाभराने तुझ्याकडे येईल. हे पत्र मी टपालात टाकत नाही, त्याच्याच हाती देते आहे. उघडंच देत होते, तर त्याने माझ्याकडून डिंक मागून घेतला आणि माझ्यासमोर चिकटवलं.

तेव्हा तू हे वाचतो आहेस आणि तो समोरच्या खुर्चीवर बसला आहे. बहुधा खिडकीबाहेर बघतो आहे, तुला वाचायला मोकळीक मिळावी म्हणून. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला असेल. त्या दोघी ऐकतायत.

तुझे हात आता मांडीवर दाबून धरलेले असतील. ते सोड. टेबलावर ठेव. उडू देत. त्याने असे हात पाहिले आहेत, तो हलणार नाही.

पत्र संपलं, सुंदरा. खाली ठेव, आणि त्याला सांग.

तुझी
अक्का